पाऊस भरपूर पडतो तरी टँकर लागणारा जिल्हा

आमच्या आटपाडीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक म्हणतात यंदा देव पावला. आणि इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक जिल्हा आहे जिथे वर्षाला साधारण अठराशे ते दोन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आमच्या तिप्पट-चौपट, आणि तरी कोरड्या महिन्यांत तिथे गावोगाव टँकर फिरतात, टाक्यांचे तळ खरवडले जातात आणि पाणी विकत घ्यायला माणसं दावणीचं जनावर विकतात. गुनुंगकिदुल त्याचं नाव. योग्यकार्ता प्रांतात येतो. कामाच्या निमित्ताने माझं योग्यकार्ता शहरात बरंच राहणं झालं आणि सुट्टीच्या दिवशी बाकीचे लोक बोरोबुदुर नाहीतर प्रंबानान बघायला निघायचे तेव्हा मी बहुतेक वेळा स्कूटर काढून वोनोसारीचा रस्ता धरायचे. वोनोसारी म्हणजे या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. देवळं मी बघितली, सुंदरच आहेत, पण दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाचं लक्ष जिथे तिथे विहिरीकडे, टाकीकडे, टँकरकडेच जातं आणि इथे तर बघण्यासारखं बाकी काही नसतं तरी तेवढ्यासाठी मी गेले असते.

शहरातून आग्नेयेला निघालं की थोडा वेळ सपाट भातखाचरं, मग पियुंगान, आणि तिथून पातुकचा घाट सुरू होतो. घाट चढून वर थांबलं की मागे सगळं योग्यकार्ता पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही मागे मेरापी ज्वालामुखी. मेरापीची राख त्या खालच्या मैदानाला मिळते, म्हणून तिकडे वर्षाला दोन-तीन पिकं निघतात. या बाजूला ती राख नाही, त्या ज्वालामुखीवरून येणारं पाणी नाही. घाट ओलांडला की दुसराच मुलूख चालू होतो.

जिल्ह्याचे ढोबळ तीन पट्टे आहेत. उत्तरेला बातुर आगुंगची डोंगररांग, ती जुन्या, कधीच्या विझलेल्या ज्वालामुखीची, न्ग्लांग्गेरानचे काळे उभे कडे त्यातलेच. मधे वोनोसारीचा खोलगट भाग, तिथे काळी माती आहे, विहिरींना पाणी लागतं, बाजार-ऑफिसं-शाळा सगळं तिथेच वाढलं. आणि दक्षिणेला समुद्रापर्यंत गुनुंग सेवू, चुनखडीच्या घुमटाकार टेकड्या, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, लोक सांगतात चाळीस हजार आहेत. त्या टेकड्या एकट्या या जिल्ह्याच्या नाहीत हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते लागेल. पश्चिमेकडून पूर्वेकडे त्या गुनुंगकिदुल, वोनोगिरी आणि पाचितान अशा तीन जिल्ह्यांत पसरल्यात, आणि हे तीन जिल्हे तीन वेगवेगळ्या प्रांतांत आहेत, योग्यकार्ता, मध्य जावा, पूर्व जावा. २०१५ साली युनेस्कोने या सगळ्या पट्ट्याला ग्लोबल जिओपार्क म्हणून मान्यता दिली ती तिघांना मिळून.

आपला महाराष्ट्र बराचसा काळ्या कातळावर बसलाय, बेसाल्टवर. आपल्याकडे पाणी कातळाच्या भेगेत अडकतं, साठतं, विहिरीला झरा लागला की लागला. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं, हजारो-लाखो वर्षं, भेगांची भोकं होतात, भोकांच्या गुहा होतात, आणि शेवटी सगळा डोंगर म्हणजे एक चाळणी. वर कितीही ओता. गुनुंग सेवूत फिरताना तुम्हाला नदी दिसत नाही, ओढा दिसत नाही, पूल लागत नाही. पूल नसलेला रस्ता मी तोपर्यंत वाळवंटाच्या फोटोतच पाहिला होता आणि इथे तर दोन्ही बाजूंना हिरवंगार सागवान.

नदी नाही असं म्हटलं पण एके काळची नदी आहे. जिल्ह्याच्या पार आग्नेय टोकाला गिरिसुबो भागात सादेंगचं बंदर लागतं, तिथे जाणारा रस्ता एका रुंद, नागमोडी, खोल दरीतून उतरतो, दोन्हीकडे उंच कडे आणि तळाला सपाट शेतं. ही जुनी बेंगावान सोलो. आज ती जाव्यातली सगळ्यात लांब नदी आहे, उत्तरेला जाऊन जावा समुद्राला मिळते. पण फार पूर्वी ती दक्षिणेला वाहत इथे हिंदी महासागरात पडायची, मग दक्षिणेची जमीन हळूहळू वर उचलली गेली, पाण्याला चढ चढता येईना, नदी माघारी फिरली आणि दरी कोरडी राहिली. मी त्या दरीच्या तळाशी मक्याच्या शेताच्या बांधावर बराच वेळ बसले होते. वळणं सगळी नदीची, बाहेरच्या बाजूला कडा कापलेला, आतल्या बाजूला उतार, भूगोलाच्या पुस्तकात दाखवतात तशी, फक्त पाणी नाही. आमच्याकडच्या माणगंगेला आठ-आठ महिने पाणी नसतं पण ती नदी आहे याबद्दल कुणाला शंका येत नाही, ही मात्र कायमची गेली.

मग पाणी जातं कुठे, तर खाली. शंभर-दीडशे मीटर खाली नद्या वाहतायत, बाराही महिने. ब्रिबिन, सेरोपान अशी त्यांची नावं आहेत, त्या समुद्रापर्यंत जातात आणि बारोनच्या किनाऱ्यावर तर तुम्ही डोळ्यांनी बघू शकता, कड्याच्या पायथ्यातून गोड्या पाण्याची नदी बाहेर पडते आणि वीस-पंचवीस पावलांत समुद्राला मिळते. पोरं त्यात डुंबत असतात. वरच्या गावातल्या बाईने त्याच दिवशी पाण्यासाठी पैसे मोजलेले असतात आणि इथे ते फुकट खाऱ्या पाण्यात चाललेलं. मला ते बघवत नाही असं म्हणायचं नाहीये, बघितलंच पाहिजे, गुनुंगकिदुल कळायला बारोनइतकी चांगली जागा नाही.

पूर्वीपासून लोकांचा आधार म्हणजे तेलागा. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत तांबडी चिकणमाती बसते, भेगा बुजतात आणि पावसाचं पाणी तळ्यासारखं साठतं. जिल्ह्यात अशी शेकडो तळी आहेत, काठाला हमखास वड, मोठमोठे, पारंब्या पाण्यात. वड तोडायचा नाही हे गावाचं पक्कं ठरलेलं. अंघोळ, धुणं, जनावरं, पूर्वी प्यायलाही तेच पाणी. नंतरच्या काळात बऱ्याच तळ्यांतला गाळ उपसला, काठ सिमेंटचे केले, हेतू चांगलाच होता, पाणी जास्त मावावं. पण काही ठिकाणी गाळाबरोबर तळाची ती चिकणमातीही निघाली आणि जिच्या जिवावर पाणी थांबलं होतं तीच गेल्यावर तळं एका मोसमात रिकामं व्हायला लागलं. गाळमुक्त धरण म्हटलं की आपल्याकडे आनंदच होतो, आणि आपल्या कातळावर तो बरोबरही आहे. इथे गाळ काढायच्या आधी खाली काय आहे ते विचारावं लागतं.

खालच्या नद्यांचा नकाशा व्हायला १९८० चं दशक उजाडलं, तेव्हा ब्रिटिश गुहा-संशोधकांनी दोरावर उतरून शेकडो गुहा मोजल्या. पुढे जर्मनीतल्या कार्ल्सरूहे विद्यापीठाच्या इंजिनियरांनी इंडोनेशियन संस्थांच्या सोबतीने ब्रिबिनला जे केलं ते मला आजही थक्क करतं. वरून सुमारे शंभर मीटर खोल सरळ शाफ्ट खणला, खाली गुहेतच नदीवर आडवी भिंत घातली, नदी अडवली, आणि अडलेल्या पाण्याच्या जोरावर साधेच पंप उलटे फिरवून त्यांचा टर्बाइनसारखा वापर केला. ते टर्बाइन दुसरे पंप चालवायचे आणि ते पंप दोनशे मीटरहून जास्त वर डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवायचे. बाहेरची वीज नाही, डिझेल नाही. नदीच स्वतःचं थोडं पाणी वर उचलून द्यायची आणि उरलेली पुढे समुद्राकडे जायची. २०१० मध्ये ते स्थानिक यंत्रणेच्या ताब्यात दिलं गेलं. साधे बाजारात मिळणारे पंप का वापरले, तर खास टर्बाइन बिघडला तर त्याचे पार्ट कुठून आणणार, पंप दुरुस्त करणारा माणूस वोनोसारीतही सापडतो. प्रकल्पाचा हा भाग मला सगळ्यात आवडतो. मग २०१७ च्या नोव्हेंबरात चेंपाका चक्रीवादळ आलं, अतोनात पाऊस झाला, भुयारी नद्या तुंबून पाणी वर आलं, जिथे कधी पाणी दिसत नाही अशा खोलगट शेतांची तळी झाली आणि ब्रिबिनच्या यंत्रणेलाही फटका बसला. जमिनीच्या पोटातलं धरण दुरुस्त करणं म्हणजे काय दिव्य असेल विचार करा, गाळ बाहेर काढायलाही तो एकच शाफ्ट.

आता कारभाराचं सांगते, कारण इतके दिवस मी ज्या गोष्टीकडे बघत होते ती खरं तर हीच, की असल्या जमिनीवर सरकार चालवायचं कसं.

इंडोनेशियात ३८ प्रांत आणि त्याखाली पाचशेच्या वर जिल्हे नि शहरं. ग्रामीण जिल्ह्याला कबुपातेन म्हणतात, त्याचा प्रमुख बुपाती. आपल्याकडे जिल्ह्यात कलेक्टर वरून नेमलेला, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष निवडून आलेले आणि खरी चावी बहुतेक कलेक्टरकडे. तिथे बुपाती हाच निवडून येतो, २००५ पासून थेट लोकांच्या मतांनी. हुकूमशहा सुहार्तो गेल्यानंतर १९९९ ला कायदा झाला, २००१ पासून लागू झाला, आणि शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी असं बरंच काही जकार्त्याकडून थेट जिल्ह्यांच्या हातात आलं, प्रांताला बऱ्यापैकी बाजूला ठेवून. प्रांत बलवान झाले तर फुटून निघतील ही भीती होती त्यामागे. गुनुंगकिदुलमध्ये २०२५ पासून बुपाती एक बाई आहेत, एंडा सुबेक्ती कुंतारिनिंग्सी, आणि त्यांच्या आधीही २०२१ पर्यंत दहा वर्षं बादिंगा नावाच्या बाईच होत्या.

पण हा जिल्हा योग्यकार्त्यात असल्यामुळे त्याच्या डोक्यावर एक निराळीच व्यवस्था आहे. या प्रांताचा गव्हर्नर निवडून येत नाही, सुलतान हाच गव्हर्नर. १९४५ नंतरच्या स्वातंत्र्यलढ्यात योग्यकार्त्याच्या सुलतानांनी प्रजासत्ताकाची बाजू घेतली, राजधानीही काही काळ तिथे होती, त्याची ही आठवण आहे आणि २०१२ च्या कायद्याने ती पक्की केली. म्हणजे वर वंशपरंपरेचा सुलतान, खाली निवडून आलेला बुपाती, आणि दोघांचं चालतं.

जिल्हा म्हणून गुनुंगकिदुल आपला वाढदिवस २७ मे १८३१ चा धरतो. योग्यकार्त्याचा राजपुत्र दिपोनेगोरो याचं डचांविरुद्धचं बंड, ज्याला जावा युद्ध म्हणतात, १८३० ला संपलं, डचांनी योग्यकार्ता आणि सुराकार्ता या दोन दरबारांमधल्या हद्दी नव्याने आखल्या आणि हा डोंगरी मुलूख योग्यकार्त्याच्या वाट्याला आला. तरी उत्तरेकडचा न्गावेनचा तुकडा सुराकार्त्याकडच्या मांगकुनेगारान संस्थानाचाच राहिला, चारी बाजूंनी दुसऱ्याचा मुलूख आणि मधे हा, तो जिल्ह्यात आला थेट १९५० च्या दशकात. सांगली-मिरज-जमखंडीच्या संस्थानांचे असेच तुकडे कुठे कुठे विखुरले होते, जुन्या माणसांना आठवत असेल, एका ओढ्याच्या अलीकडे एक राज्य पलीकडे दुसरं.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १,४८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातला एकटा जत तालुकाही याहून मोठा. पण प्रांतात हा सगळ्यात मोठा, जवळजवळ निम्मा प्रांत यातच. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेसात लाखांच्या आसपास. त्याचे १८ भाग आहेत, देशात इतरत्र त्यांना केचामातान म्हणतात, इथे २०२० च्या सुमारास सगळ्या प्रांतात जुनी दरबारी नावं परत आणली, त्यामुळे आता ते कपानेवोन झाले आणि त्यांचे अधिकारी पानेवू. त्याखाली १४४ गावं, कलुराहान, गावप्रमुख लुरा. लुराचा सेक्रेटरी चारिक, सुरक्षा आणि जमिनीचं बघणारा जागाबाया, विकासकामांचं बघणारा उलु-उलू, हा पूर्वी गावातलं पाणी वाटून द्यायचा. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लोकांच्या तोंडी मात्र ही नावं कधी गेलीच नव्हती.

लुरा निवडून येतो, मुदत सहा वर्षं होती, २०२४ च्या दुरुस्तीने आठ झाली. २०१५ पासून जकार्ताहून गावाच्या खात्यात पैसे येतात, दाना देसा, आणि त्याचा हिशोब गावाच्या ऑफिसबाहेर मोठ्या फ्लेक्सवर लावलेला असतो, जमा किती, रस्त्याला किती, अंगणवाडीला किती, सोबत लुराचा युनिफॉर्ममधला फोटो. मी प्रत्येक गावात थांबून तो फ्लेक्स वाचायचे. वाचायला थांबलेली परदेशी बाई बघून आतून कुणीतरी यायचं, चहा व्हायचा, आणि गप्पा सुरू झाल्या की विषय पाण्यावर जायलाच दोन मिनिटं लागायची नाहीत.

या सगळ्याच्या तळाशी असतो दुकुह. गावाच्या खाली वाड्या, पादुकुहान, आणि प्रत्येक वाडीला एक दुकुह. हा निवडून येत नाही. परीक्षा द्यायची, पास झालं की नेमणूक आणि मग वयाच्या साठीपर्यंत तोच. लुरा बदलतात, बुपाती बदलतात, दुकुह राहतो. त्याला आणि बाकी गावकामगारांना पगाराशिवाय गावच्या जमिनीचा एक तुकडा कसायला मिळतो, पेलुंगूह, पदावर असेपर्यंत. आपल्याकडची पाटील-कुलकर्ण्यांची इनामं आठवली ना, मलाही आठवली. आपल्याकडे कुलकर्णी वतनं १९५० च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, आणि बरं झालं गेली, वंशपरंपरेने गावाच्या उरावर बसलेली माणसं होती त्यात. पण त्याबरोबर वाडीतच राहणारा, वाडीतलं प्रत्येक घर ठाऊक असलेला सरकारी माणूसही गेला, आणि तलाठी आठवड्यातून कुठल्या दिवशी कुठल्या सज्जावर सापडेल याचा शोध आपण अजून घेतोय. जाव्यात जमीन कामाला जोडलेली राहिली, रक्ताला नाही. हा फरक मोठा आहे.

सेमानूच्या दक्षिणेला एका वाडीत मी ऐन कोरड्या महिन्यात एका दुकुहकडे उतरले होते. पाक दुकुह म्हणूनच सगळे हाक मारायचे, पाक म्हणजे आपलं साहेब, त्यांची बायकोही बाहेरच्यांसमोर तेच म्हणायची. संध्याकाळी अंगणात माणसं जमली, दुसऱ्या दिवशी सरकारी टँकर येणार होता, पाच हजार लिटरचा. इथल्या बहुतेक घरांना पागोळीचं पाणी साठवायची सिमेंटची गोल टाकी असते, छपराला पन्हळ, पन्हळीपासून पाइप टाकीत, पावसाळ्यात भरली की कोरड्या महिन्यांत पुरवून पुरवून वापरायची. पाक दुकुहांनी शाळेची वही उघडली, त्यात एकेक कुटुंब, माणसं किती, गुरं किती, टाकी कितपत भरलीय, मागचं पाणी कधी मिळालं, पेन्सिलने, कारण दर आठवड्याला खोडून परत लिहायचं. टँकर वरच्या चढाला येऊ शकत नाही, क्लच जळतो, म्हणून वरच्या सहा घरांचं पाणी खालच्या टाकीत उतरवायचं आणि तिथून त्यांनी हंड्या-कॅनने न्यायचं, आणि त्याबद्दल खालच्या घराला काय, तर काही नाही, त्यांच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे तेव्हा वरचे लोक कामाला येतील. एका म्हातारबाईंनी सांगितलं माझं अर्धं त्या नवीन बाळंतिणीला द्या. पाक दुकुहांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला म्हणाले, "म्बाक (म्हणजे ताई), वरच्या ऑफिसला आमचा दुष्काळ टँकरच्या खेपांत कळतो. मला कुणाची टाकी कितपत भरलीय ते कळावं लागतं." टँकरवरची भांडणं, डोकी फुटणं, हे बघत मोठी झालेय मी. त्या अंगणात आवाज चढला नाही असं नाही, चढला, एकदा तर चांगलाच. पण वही सगळ्यांसमोर होती.

शेतीचं म्हणाल तर टेकड्यांच्या उतारावर दगडी बांध रचून केलेले वाफे आणि तळाच्या तांबड्या मातीत एकाच रानात कोरडवाहू भात, मका, भुईमूग आणि कसावा, सगळं मिसळून. पावसाच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकतात, आपली धूळपेरणीच, पाऊस लांबला की दुबार पेरणीचं संकटही आपलंच. पेरायचं कधी हे जुने लोक जावानीज महिन्यांच्या गणितावर ठरवतात, मृग-आर्द्रा बघतात तसं, आणि आता तेही चुकायला लागलंय म्हणतात. बाजार भरतो तो पाच दिवसांच्या आठवड्यावर, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, त्यामुळे कुठल्या गावचा बाजार कधी हे बाहेरच्याला कॅलेंडर बघूनही पटकन कळत नाही.

कसावा हा इथला खरा आधार. आपण उपासाला जो साबुदाणा खातो तो याच कंदाचा, तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो. इथे कंद सोलून, रस्त्याच्या कडेला, अंगणात, छपरावर वाळत घालतात, पांढरे खडखडीत तुकडे, त्याला गाप्लेक म्हणतात. ते कुटून पीठ, पिठावर पाण्याचा हबका मारून सुपात घोळवायचं, घोळवता घोळवता त्याचे दाणे होतात, मग बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचे. त्याचं नाव थिवुल. दुकुहांच्या बायकोने मला सूप हातात दिलं, माझे दाणे काही मोठे काही बारीक झाले, त्या म्हणाल्या चालतंय, आणि सगळे एकत्रच वाफवले. वाळताना पाऊस लागून गाप्लेक काळं पडलं तर तेही टाकत नाहीत, भिजवून वाफवून त्याचं गाथोत करतात, चिवट, थोडं आंबूस, वर किसलेला नारळ. आता थिवुल योग्यकार्त्याच्या पर्यटकांना गूळ-नारळ घालून डब्यातून विकतात. पण साठीच्या पुढच्या माणसांना विचारलं तर ती पटकन उत्तर देत नाहीत, त्यांच्यासाठी ते भात नसण्याचं अन्न होतं. १९६३ च्या सुमारास इथे फार वाईट दिवस आले होते, भुकेने अंगावर सूज आलेली माणसं, उघडे बोडके डोंगर. १९७२ चा दुष्काळ, सुकडी, खडी फोडायची कामं, हे आमच्या घरात आजीच्या बोलण्यात इतक्या वेळा आलंय की त्यांचं गप्प होणं मला लगेच समजलं.

उघडे डोंगर परत हिरवे झाले ही मात्र या जिल्ह्याची मोठी कमाई. १९६० च्या दशकात गाजा माडा विद्यापीठाच्या वनशास्त्राच्या लोकांनी प्लायेनजवळ दहा हेक्टर दगडावर झाडं लावायला घेतली, उमी हानिइन सुसेनो या प्राध्यापिका त्यात पुढे होत्या, त्याचं आज वानागामा नावाचं सहाशे हेक्टरांचं जंगल आहे. आणि त्याहून जास्त तर शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावर सागवान लावलं. झाड कधी तोडायचं, तर गरज पडेल तेव्हा, मुलाची फी, लग्न, आजारपण. वनखात्याच्या हिशोबात सागाचं वय बघतात, इथे घरातल्या पोराचं वय बघतात.

गाय हीसुद्धा घरची बँक, त्यामुळे गाय मेली तर घर बसतं. म्हणून ब्रांडू नावाची पद्धत आहे, कुणाची गाय मरायला टेकली किंवा मेली की शेजारीपाजारी तिचं मांस वाटून घेतात आणि प्रत्येकजण थोडे पैसे देतो, मालकाचं पूर्ण नुकसान होत नाही. यामागची माया कुणालाही कळेल. पण गाय अँथ्रॅक्सने मेली असेल तर? २०२३ मध्ये सेमानू भागात तेच झालं, लोकांना लागण झाली, मृत्यूही झाला. मग जिल्हा प्रशासनाने ब्रांडू बंद करा म्हणून सांगितलं. बंद करा हे बरोबरच, पण मेलेल्या गाईची भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळणार नसेल तर लोक रात्रीत गुपचूप कापणार, हे सांगायला साथरोगाचा डॉक्टर लागत नाही. प्रशासनाने एखादी जुनी पद्धत मोडायची असेल तर ती पद्धत जे काम करत होती ते काम अंगावर घ्यावं लागतं, माझं यावर ठाम मत आहे.

एवढं करूनही माणसं जातातच. जकार्ता, नाहीतर त्याला लागूनची तांगेरांग, बकासी. कारखाना, घरकाम, बांधकाम, 'मी आयाम' म्हणजे कोंबडी घातलेल्या नूडल्सची गाडी. आमच्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत आणि यात्रेला गावात येतात, गावाकडे मोठे बंगले बांधतात जे वर्षभर कुलूपबंद, तसंच इथे ईदला. ईदच्या आठवड्यात वोनोसारीत जकार्ता पासिंगच्या गाड्यांनी रस्ता भरतो. बाकी वर्षभर वाडीत म्हातारी माणसं आणि नातवंडं.

आता नवा पैसा येतोय तो समुद्राचा. बारोन, कुकुप, क्राकाल, वेडिओंबो, सत्तर-एक किलोमीटरचा किनारा, दक्षिणेचा नवा महामार्ग, योग्यकार्त्याच्या पोरांची शनिवार-रविवारची गर्दी. काही गावांनी हे फार छान हातात घेतलंय, न्ग्लांग्गेरानला तर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत घेतलं, तिथे सगळं गावातल्या पोरांनी उभं केलंय. पण किनाऱ्यावर टेकड्या सपाट करून रिसॉर्ट बांधायचे बेतही येतात. गुनुंग सेवूचा मोठा भाग २०१४ पासून संरक्षित कार्स्ट क्षेत्र आहे, कार्स्ट म्हणजे अशी विरघळून चाळणी झालेली चुनखडीची जमीन. तरी एका अतिशय लोकप्रिय टीव्ही कलाकाराचं नाव असलेला भला मोठा रिसॉर्ट क्राकालच्या बाजूला जाहीर झाला, लोकांनी विरोध केला, आणि २०२४ च्या जूनमध्ये त्या कलाकाराने अंग काढून घेतलं. त्यामुळे प्रश्न मिटला असं नाही. टेकडी एका गावची, तिच्या पोटातलं पाणी खालच्या चार गावांचं, आणि खालची नदी कुठल्या हद्दीतून कुठे जाते ते कपानेवोनच्या नकाशावर काढलेलंच नसतं. परवानगी देणारी कागदं मात्र वरच्या सातबाऱ्यावर चालतात. पाणलोटाप्रमाणे तीन प्रांतांनी बसून एक नकाशा करावा आणि परवानगी त्याच्यावर द्यावी, जिओपार्कसाठी एकत्र येऊ शकतात तर पाण्यासाठी का नाही.

पाक दुकुह आता साठीला आलेत. जागा रिकामी होणार. परीक्षेला बसायला वीस ते बेचाळीस वय आणि बारावीपर्यंत शिक्षण लागतं आणि वाडीत त्या वयाची माणसं शोधावी लागतात. त्यांची मुलगी तांगेरांगला बुटांच्या कारखान्यात आहे, नवरा तिथेच, पोरगं मात्र आजीपाशी इथे. तिने फॉर्म भरलाय. मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत होती ब्रिबिनच्या पंपांवर कुठे काही सोपं लिहिलेलं मिळेल का, तोंडी परीक्षेत पाण्यावर विचारतात. मी जेवढं होतं तेवढं पाठवलं आणि विचारलं, कारखान्याचा पगार सोडून येणार, पेलुंगूहची जमीन तरी बरी आहे का? म्हणाली अर्धी दगड आहे, पण अर्ध्यात भुईमूग येतो, आणि वडिलांची वही पहिल्या महिन्यातच एक्सेलमध्ये घालणार आहे.